तहान आणि भूक (जैविक प्रेरणा)

तहान आणि भूक या मानवाच्या मूलभूत जैविक प्रेरणा आहेत. शरीरातील पाणी किंवा ऊर्जा एका मर्यादेखाली घटू लागली की मज्जासंस्था आणि संप्रेरके मिळून एक अस्वस्थता निर्माण करतात, आणि ती दूर होईल असे वर्तन प्राण्याकडून घडवून आणतात. शरीरातील उणिवेला मानसशास्त्रात ‘गरज’ म्हणतात, तर तीमुळे निर्माण होणाऱ्या ओढीला ‘प्रेरणा’. बोलण्यात हे दोन शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात, पण त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. वृद्ध व्यक्तीच्या शरीराला पाण्याची गरज असूनही तहान पुरेशी लागत नाही. उलट भरपेट जेवणानंतरही गोड पदार्थ पुढे आला की हात पुढे होतो. पहिल्या उदाहरणात गरज आहे पण प्रेरणा क्षीण आहे, दुसऱ्यात गरज संपली तरी प्रेरणा उरली आहे.

प्रयोगशाळेत या प्रेरणांचा अभ्यास मिनिटांच्या व तासांच्या मापाने होतो. त्या वर्षानुवर्षांच्या व सामूहिक वर्तनाला कसे वळण देतात, हे पाहण्यासाठी सातारा व सांगली जिल्ह्यांचा पूर्वेकडील दुष्काळी पट्टा हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे. माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळ आणि जत हे तालुके या पट्ट्यात येतात. प्रस्तुत लेखात शरीरशास्त्रीय माहितीनंतर याच प्रदेशाचा विचार केला आहे.

तहानेची यंत्रणा

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. घाम, श्वास, मूत्र आणि मल यांवाटे ते सतत बाहेर पडते. मूत्रपिंडे मूत्र कितीही दाट करू शकली, तरी शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्यासाठी दिवसाला सुमारे अर्धा लिटर मूत्र तयार करावेच लागते. म्हणजे पाणी न पिणाऱ्या माणसाच्या शरीरातूनही पाणी जातच राहते.

पाणी कमी झाले की रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढते व तर्षण दाब वाढतो. (‘तर्षण’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच तहान लागणे असा आहे, परिभाषा घडवणाऱ्यांनी तो नेमका निवडला.) मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतक, म्हणजेच हायपोथॅलॅमस, या भागात व त्याच्या शेजारी हा दाब ओळखणाऱ्या पेशी असतात. दाबात एक ते दोन टक्के वाढही त्यांना पुरते. प्रथम व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवते आणि मूत्रपिंडे पाणी राखू लागतात. त्यानंतर तहानेची जाणीव होते. शरीर आधी काटकसर करते आणि मग मागणी करते, असे हे क्रमाचे स्वरूप आहे. रक्तस्राव किंवा अतिसार यांमुळे रक्ताचे आकारमानच घटले, तर अँजिओटेन्सिन या संप्रेरकाच्या मार्गानेही तहान लागते.

घसा कोरडा पडणे म्हणजेच तहान, असे विसाव्या शतकाच्या आरंभी मानले जाई. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१८ मध्ये हेच मत मांडले होते. १९५० च्या दशकात स्वीडनचे बेंग्ट अँडरसन यांनी शेळ्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये अतिशय थोडे खारे द्रावण सोडले, तेव्हा पाण्याची उणीव नसलेल्या शेळ्याही भराभर पाणी पिऊ लागल्या. तहानेचे केंद्र घशात नसून मेंदूत आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

तहान भागण्याची प्रक्रिया अधिक विलक्षण आहे. प्यालेले पाणी आतड्यातून रक्तात पुरेसे मिसळायला वेळ लागतो, पण तहान काही मिनिटांतच शमते. तोंड, घसा व जठर यांतून येणाऱ्या संकेतांवरून मेंदू किती पाणी आत गेले याचा अंदाज बांधतो आणि पिणे थांबवतो. पुढे काय होणार आहे याचा हिशेब शरीराच्या या अगदी खालच्या पातळीवरच्या यंत्रणेतही असतो. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

भुकेची यंत्रणा

भुकेचे नियमन अधिक सैल व गुंतागुंतीचे असते. जठरातून स्रवणारे घ्रेलिन भूक वाढवते, तर चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन शरीरातील साठ्याची खबर मेंदूला देते. माणूस अन्नाविना काही आठवडे जगू शकतो, पाण्याविना मात्र काही दिवसच. त्यामुळे भुकेला वाट पाहता येते, तहानेला नाही.

दीर्घ अर्धपोटीपणाचा मनावर होणारा परिणाम अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४–४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी तपासला. ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अपुरा आहार देण्यात आला. ते अन्नाविषयीच बोलू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, चिडचिडे व एकलकोंडे झाले. भूक शरीराला तर थकवतेच, पण विचाराचा विषयही स्वतः ठरवते, असे या प्रयोगातून दिसले.

सिद्धांत

शरीराची अंतर्गत स्थिती स्थिर राखण्याच्या धडपडीला कॅनन यांनी ‘समस्थिती’ ही संकल्पना दिली. क्लार्क हल यांनी १९४३ मध्ये त्यावर प्रेरणा-न्यूनीकरणाचा सिद्धांत उभारला: गरजेतून ताण निर्माण होतो, ताण कमी करणारे वर्तन घडते आणि जे वर्तन ताण कमी करते ते सवय बनते. त्याच वर्षी अब्राहम मास्लो यांनी गरजांची उतरंड मांडली. तिच्या तळाशी अन्न, पाणी व झोप या शारीरिक गरजा असून त्या बऱ्याच अंशी भागल्यावरच सुरक्षितता, आपुलकी, प्रतिष्ठा इत्यादी गरजा डोके वर काढतात, असे त्यांचे म्हणणे होते. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांतून ही उतरंड पिरॅमिडच्या आकृतीने सर्वपरिचित झाली. मात्र ती जितकी लोकप्रिय आहे तितकी प्रत्यक्ष वर्तनाला लागू पडत नाही. पुढील उदाहरणांपैकी अनेक तिच्या विरोधात जातात.

दुष्काळी पट्टा

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाच्या माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. सह्याद्रीने नैर्ऋत्य मोसमी वारे अडवल्याने हा पर्जन्यछायेचा प्रदेश तयार झाला आहे. माणगंगेच्या खोऱ्याला माणदेश म्हणतात. कृष्णाकाठ आणि माणदेश यांच्यातील अंतर एसटीने काही तासांचे आहे, पण पाण्याच्या बाबतीत ते दोन वेगळे प्रदेश आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली शहर बुडाले असताना जिल्ह्याच्या पूर्व भागात टँकरने पाणीपुरवठा चालू होता. पूरग्रस्त भागातही पिण्याच्या पाण्याची टंचाई निर्माण झाली होती, हे येथे नोंदवायला हवे. शरीराला लागते ते पिण्याजोगे पाणी, आणि सभोवार पाणी असूनही ते मिळेलच असे नाही.

भुकेचे माप : १८७६–७८ चा दुष्काळ

१८७६ च्या पावसाळ्यात दख्खनमध्ये पाऊस अपुरा झाला आणि सातारा जिल्ह्यासह मुंबई इलाख्याच्या पठारी जिल्ह्यांत भीषण दुष्काळ पडला. सरकारने खोदकामाची व रस्त्यांची दुष्काळी कामे काढली. आटपाडी व माण यांच्या सीमेवरील राजेवाडीचा तलाव, जो म्हसवड तलाव म्हणूनही ओळखला जातो, याच काळातील कामांपैकी आहे.

कामावरच्या मजुराला किती खायला द्यावे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. व्हाइसरॉय लिटन यांचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेम्पल यांनी १८७७ च्या आरंभी मजुरी कमी करून दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्य आणि वर अल्पशी रक्कम इतकी ठरवली. तितक्यावर माणूस काम करू शकतो, असा त्यांचा दावा होता. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी तो खोडून काढला. खोदकाम करणाऱ्या देहाला एवढे धान्य पुरणार नाही, डाळ व भाजीपालाही हवा, असे त्यांनी वैद्यकीय आधाराने मांडले. अन्नाची गरज आकड्यांत मोजून त्यावर सरकारी धोरण ठरवण्याचा हा हिंदुस्थानातील आरंभीच्या वादांपैकी एक होता.

मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्याचे उत्तर वेगळ्या प्रकारे दिले. कमी केलेली मजुरी नाकारून ते मोठ्या संख्येने कामे सोडून गेले. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे अर्जांद्वारे मांडली. प्रेरणा-न्यूनीकरणाच्या सिद्धांताने पाहता ही कृती अनाकलनीय आहे: भुकेल्या माणसाने समोरचे अन्न, कितीही थोडे असो, घ्यायला हवे होते. मास्लो यांच्या उतरंडीनुसारही न्याय व प्रतिष्ठा यांची पाळी पोट भरल्यावर यायला हवी होती. येथे पोट रिकामे असतानाच ती आली. अर्थात यात केवळ मानीपणा होता असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. खणण्यात खर्च होणारी शक्ती मिळणाऱ्या धान्याने भरून निघत नसेल, तर काम करणे हे न करण्यापेक्षा लवकर मारणारे होते. मजुरांचा नकार हा शरीराचाच हिशेब होता, आणि तो डॉ. कॉर्निश यांच्या हिशेबाशी जुळत होता.

१९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी

१९७०–७३ या सलग अवर्षणाच्या वर्षांतील शेवटचे वर्ष लोकांच्या स्मरणात ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणून राहिले आहे. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते अशा कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे ५० लाख लोक होते. अमेरिकेतून आलेला मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी हे शब्द त्या पिढीच्या तोंडी अजूनही आहेत. राज्यातील दरडोई धान्य-सेवन त्या वर्षी मोठ्या प्रमाणात घटले, पण ही घट वेगवेगळ्या थरांत बऱ्यापैकी समान विभागली गेली, असे अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी दाखवले आहे. मजुरी हाती असल्याने गरीब कुटुंबे बाजारातून धान्य घेऊ शकली आणि म्हणून मोठी जीवितहानी टळली.

दुष्काळाची ही कामे कायमच्या हक्कात रूपांतरित करण्यामागे सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे यांचा पुढाकार होता. ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. जैविक प्रेरणेच्या दृष्टीने या कायद्याचा परिणाम सूक्ष्म आहे. तो भूक नाहीशी करत नाही, पण पुढच्या भुकेची भीती कमी करतो, आणि दुष्काळात घाईने बैल, भांडी व जमीन विकायला लावणारी ती भीतीच असते.

जनावरांची तहान

माणदेश हा खिल्लार जनावरांचा प्रदेश आहे. आटपाडी तालुक्यातील खरसुंडीचा सिद्धनाथाच्या यात्रेतील खिल्लार बाजार प्रसिद्ध आहे. दुष्काळात येथील कुटुंबांपुढचा पहिला प्रश्न बहुधा माणसांचा नसून दावणीचा असतो. गाय-म्हैस माणसाच्या कितीतरी पट पाणी पिते, तिला वैरण लागते, आणि ती तहान सांगू शकत नाही. २०१२–१३ आणि २०१८–१९ च्या टंचाईत माण तालुक्यात चारा छावण्या उघडल्या. म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने छावणी चालवली. छावणीत जनावरांसोबत घरातील कोणीतरी राहावे लागते. त्यामुळे कित्येक कुटुंबे दोन ठिकाणी विभागली गेली आणि गुरांभोवती शेतकऱ्यांच्या पालांची वस्ती उभी राहिली.

दुसऱ्या जिवाच्या तहानेपोटी माणूस स्वतःची सोय, झोप आणि घर सोडतो, याचे स्पष्टीकरण केवळ व्यक्तीच्या शरीरात सापडत नाही. जनावर हे धन आहे, तोच बियाण्याचा व दुधाचा आधार आहे, हे आर्थिक कारण खरेच. पण चाऱ्याच्या खर्चाने ज्यांची किंमत केव्हाच ओलांडलेली असते अशी भाकड जनावरेही छावणीत आणली जातात.

स्थलांतर

भूक व तहान यांना मिळणारा सर्वांत जुना प्रतिसाद म्हणजे चालू लागणे. माणदेशातील धनगर मेंढपाळ दरवर्षी कळप घेऊन चाऱ्या-पाण्याच्या मागाने हिंडतात. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीचा शेवट दुष्काळाने ओस पडलेल्या वाडीत होतो. माडगूळकर स्वतः आटपाडी तालुक्यातील माडगूळचे. विटा, खानापूर व आटपाडी परिसरातील तरुण सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात शिरले आणि भारतभरातील सराफ बाजारांत पसरले. साताऱ्याहून मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत गेलेल्यांची संख्याही मोठी होती. पाण्याने ढकललेली माणसे पुढे पैसा, कसब व नातीगोती यांच्या आधाराने जात राहिली. दोन-तीन पिढ्यांनंतर मूळ प्रेरणा कोणती होती, हे त्यांच्या वर्तनावरून ओळखू येत नाही.

उद्याच्या तहानेसाठी

१९८२ च्या गिरणी संपानंतर खानापूर तालुक्यात परतलेले कामगार आणि रोजगार हमीवरील मजूर यांच्यातून ‘मुक्ती संघर्ष’ ही चळवळ उभी राहिली. नुसती खडी फोडण्यापेक्षा दुष्काळ हटवणारे काम द्या, अशी तिची मागणी होती. येरळा नदीच्या काठावरील बलवडी व तांदूळवाडी या गावांनी लोकवर्गणी, श्रम आणि नदीतील वाळूच्या मर्यादित विक्रीतून ‘बळीराजा’ धरण बांधले. त्याच्या पाण्यावर भूमिहीनांसह प्रत्येकाचा समान हक्क मानण्यात आला. डॉ. भारत पाटणकर या चळवळीचे एक प्रमुख नेते होते. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली आटपाडी येथे पाणी परिषदा भरू लागल्या, आणि कृष्णेचे पाणी उचलून पूर्वेकडे नेणाऱ्या टेंभू, ताकारी व म्हैसाळ या योजनांच्या मागणीला बळ मिळाले.

‘पाणी फाउंडेशन’ने २०१६ मध्ये सुरू केलेल्या जलसंधारण स्पर्धेत पहिल्याच वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने प्रथम क्रमांक मिळवला; २०१८ मध्ये तो माण तालुक्यातील टाकेवाडीला मिळाला. या स्पर्धेचा काळ ऐन उन्हाळ्याचा होता. एप्रिल-मेच्या उन्हात समतल चर खोदणारा माणूस घामावाटे पाणी गमावतो, म्हणजे आजची तहान स्वतःहून वाढवतो, ती पुढच्या वर्षीची तहान टळावी म्हणून. हल यांच्या चौकटीत हे वर्तन बसवणे कठीण आहे. मेंदू पाण्याचे शोषण होण्याआधीच पिणे थांबवतो त्या अंदाजबुद्धीचेच हे फार मोठे रूप आहे, असे म्हणता येईल. मात्र येथे अंदाज एका मेंदूचा नसून गावसभेत ठरलेला असतो.

संयम

तहान-भूक मुद्दाम रोखून धरणे हेही जैविक प्रेरणांच्या अभ्यासाचे अंग आहे. आषाढी एकादशी आणि नवरात्रातील उपवास सर्वत्र आढळतात. सांगली परिसरात मोठ्या संख्येने असलेल्या दिगंबर जैन समाजात भाद्रपदातील दशलक्षण पर्वात कडक उपवास केले जातात. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत अन्न-पाणी घेतात. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजावर मोठा प्रभाव असलेल्या आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना घेऊन देह ठेवला. अशा वेळी प्रेरणा नाहीशी होत नाही. तिची जाणीव असूनही तिच्यामागे जायचे नाही, असे ठरवलेले असते. संकल्पाने धरलेला उपवास आणि टंचाईने लादलेला उपवास यांत शरीराला फरक कळत नसला, तरी माणसाला तो पुरेपूर कळतो.

पाणवठ्याची सुव्यवस्था

एप्रिल २०१६ मध्ये मिरज रेल्वे स्थानकातून लातूरला पाणी नेणारी ‘जलदूत’ गाडी सुटू लागली. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या व तीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली. त्याआधी मार्चमध्ये लातूरमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी पाचपेक्षा अधिक जणांनी जमू नये, असा जमावबंदीचा आदेश लागू करण्यात आला होता. तहानलेला समूह हिंसक होईल, ही प्रशासनाची भीती त्यामागे होती. पाणवठ्यावर भांडणे होतात हे खरेच, पण घागरींची रांग, टँकर आल्यावर आधी कोणी भरायचे याचे गल्लीतले नियम आणि आजारी शेजाऱ्यासाठी भरून ठेवलेला हंडा हेही तहानेतूनच घडलेले वर्तन आहे. त्याची नोंद पोलीस ठाण्यात होत नाही.

टँकरने पाणी देताना महाराष्ट्रात माणशी दिवसाला २० लिटर हे प्रमाण धरले जाते. जलजीवन मिशनमध्ये ते ५५ लिटर आहे. २० लिटरमध्ये पिणे व स्वयंपाक भागतो. आंघोळ, धुणे आणि मासिक पाळीतील स्वच्छता यांवर काटछाट होते, आणि ती कोणाच्या वाट्याला आधी येते, हे घरातील हंडे कोण आणते यावरून समजू शकते. २०२२ च्या अखेरीस सीमावादाच्या निमित्ताने जत तालुक्यातील गावांच्या पाण्याचा प्रश्न पुन्हा पुढे आला, तेव्हा ‘पाणी द्या, नाहीतर कर्नाटकात जाऊ द्या’ अशी मागणी काही गावांनी केली. त्यानंतर म्हैसाळ योजनेच्या विस्ताराच्या कामाला गती देण्यात आली.